खड्ड्यातले मास्तर

परवा एक बाई आयब्रो करायला माझ्या पार्लरमध्ये आली. खुर्चीत बसली, डोळे मिटले आणि म्हणाली, "तुमच्या त्या फिल्ममधले मास्तर किती गोड आहेत हो! आहेत का अजून?" माझा दोरा दातात होता. एक भुवई झाली होती, दुसरी व्हायची होती. मी दोरा थुंकला आणि म्हणाले, "आज होणार नाई. बोटं दुखून राह्यली." एका भुवईनं घरी गेली. गेली तर गेली.

गोड म्हणे! मास्तर गोड कधीच नव्हते. हेकट माणूस, किरकिरा, आणि समोरच्याच्या तोंडाकडे चुकूनही न बघणारा. पण गोड म्हणायचा हक्क हिला कोणी दिला? एक तास पडद्यावर बघितलं म्हणून माणूस कळतो का?

ज्यांना आमच्याकडचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. धान कापून घरात आलं की आमच्या झाडीपट्टीत नाटकं सुरू होतात. आज या गावात एक नाटक, उद्या त्या गावात दुसरं, परवा तिसरं. पाठांतराला वेळ कोणाला आहे? म्हणून स्टेजच्या पुढे मधोमध एक खड्डा खणतात, त्यात प्रॉम्टर बसतो, मांडीवर वही आणि हातात टॉर्च घेऊन. तो वाक्य देतो, नट ते उचलतो. सगळं नाटक असं. खालून एक कुजबुज, वरून एक गर्जना. लोक गर्जनेला टाळ्या देतात. आमचे मास्तर चाळीस वर्षं त्या खड्ड्यात बसले, आणि मी त्यातली बारा वर्षं त्यांच्या डोक्यावर नाचले. मी कंपनीत दुसरी हिरॉईन होते. पहिली हिरॉईन म्हणजे बाई. बाईंचं पोस्टर लागलं की बैलबंड्या आदल्या दिवसापासून निघायच्या. आमच्यासाठी फिल्मस्टार तीच.

खड्ड्यातून माणसाचं तोंड दिसत नाही, पाय दिसतात. त्यामुळे मास्तर आख्ख्या जिल्ह्याला पायांवरून ओळखायचे. रस्त्यात भेटले तर नजर खाली, आणि म्हणणार, "डाव्या टाचेले भेग पडली तुया. व्हॅसलीन लाव." एकदा आरमोरीच्या स्टँडवर बाईंचं हे एवढं मोठं पोस्टर लागलं होतं, नुसता चेहरा. मास्तर त्याच्याखाली उभे राहून मला विचारतात, "ही नवीन पोरगी कोण घेतली व कंपनीनं?" मी कपाळावर हात मारला. ज्या बाईला वीस वर्षं शब्द दिले तिचं तोंड ओळखता येईना या बह्याड माणसाला! मी सांगितलं तर पोस्टरकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "पाय काऊन नाई छापले?"

खुर्चीवर बसायचे नाहीत. लग्नात, दवाखान्यात, सरपंचाच्या घरी, सगळीकडे खाली. आवाज म्हणजे पिठाच्या चाळणीतून यावा तसा, बारीक. टपरीवर चहा मागायचे तर चहावाल्याला ऐकूच जायचा नाही. अर्धा तास उभे राहून बिनचहाचे परत यायचे, पण आवाज चढवायचे नाहीत. मी चिडायचे. "मास्तर, जरा मोठ्यानं बोलाल तर जीभ झडते का तुमची?" तर म्हणायचे, "पोरी, भाजीत मीठ दिसते का कधी? प्रॉम्टर तिसऱ्या रांगेले आयकू आला म्हणजे नाटक पडलं."

हे वाक्य त्यांच्या तोंडी इतक्यांदा ऐकलं की मला त्याची चीड यायची.

आणि सवय अशी की कोणी बोलताना अडखळला की यांच्या तोंडातून पुढचा शब्द निघालाच. नवरदेव उखाण्यात अडला, मागून मास्तर. ग्रामसभेत सरपंच अडला, मागून मास्तर. आमचा तबलजी वारला तेव्हा त्याचा मोठा मुलगा लोकांपुढे बोलायला उभा राहिला आणि त्याला हुंदक्यानं शब्द फुटेना. मास्तर त्याच्या पायाशी जाऊन बसले आणि आख्खं भाषण दिलं, एकेक वाक्य. "माझे वडील कोणाचं वाईट चिंतत नव्हते." पोरगा म्हणाला. "त्यांनी तबल्यावर बोट ठेवलं की बैलं थांबत." पोरगा म्हणाला. सगळे रडले. घरी जाताना लोक म्हणत होते, पोरगा काय सुंदर बोलला!

एका वर्षी कंपनीनं मुंबईहून सिनेमातला एक हिरो आणला. पोस्टरवर त्याचा चेहरा एवढा, आणि आमच्या बाई खाली कोपऱ्यात, तिकिटाएवढ्या. त्यानं एक ओळ पाठ केली नव्हती. मास्तर देतील ते तो धडाधड उचलत होता. ऐन मरणाच्या प्रवेशात तो गुडघ्यावर आला आणि त्याची मिशी सुटली. मास्तर खालून म्हणाले, "मिशी दाबा, तोंड फिरवा." तो छातीवर हात ठेवून गरजला, "मिशी दाबा! तोंड फिरवा!" आणि मेला. लोक हसून हसून आडवे झाले. त्या हिरोनं आत येऊन मास्तरांना आईवरून शिवी दिली. मी भांडायला निघाले तर मास्तरांनीच मला अडवलं. "चूक मायी हाये. हुकूम आणि संवाद दोन वेगळ्या सुरात द्याले पायजे. माया सूर एकच लागला." आणि त्या दिवसापासून खरोखर दोन सूर करायला लागले. संवाद सरळ, हुकूम जरा नाकातून. अशी माणसं बघितली की मला राग येतो. दुसऱ्यानं थुंकायचं आणि यांनी स्वतःचं अंगण पुसायचं.

आता त्या फिल्मचं.

दोन वर्षांपूर्वी मुंबईहून एक डायरेक्टर आला. नट-नट्यांवर, कलावंतांवर डॉक्युमेंटरी करतो म्हणाला. मोठमोठ्या फिल्मस्टारवर केलेल्या होत्या, मला मोबाइलवर दाखवल्या. आता त्याला 'विस्मरणात गेलेली कलावंत' पाहिजे होती. कोणाच्या विस्मरणात रे बाबा? आमच्या तर नाही. पण मी हुरळले. मीच त्याला बाईंकडे नेलं. मीच, दुसरं कोणी नाही.

बाईंचं विसरणं तेव्हा सुरू होऊन वर्ष झालं होतं. घरातलीच माणसं जाणत होती, आणि मी आणि मास्तर. तांदूळ निवडायला घेतले की कशाला घेतले ते आठवायचं नाही. बाकी बसणं, बघणं, पदर घेणं, सगळं राणीचं. डायरेक्टरनं कॅमेरा लावला, पदराला छोटा माईक टोचला आणि म्हणाला, "बाई, तुमच्या आयुष्याबद्दल सांगा." बाई ताठ बसल्या. हसल्या. कॅमेऱ्याकडे बघितलं. आणि गप्प. एक मिनिट गेलं, दोन गेली. मग खाली बघून हळूच म्हणाल्या, "मास्तर कुठी हायेत?"

मला समजलं. ती वाक्याची वाट बघत होती. सतरंजीवर कॅमेऱ्यापुढे बसली म्हणजे तिच्या लेखी स्टेजवर गेली, आणि स्टेजवर आपलं आपण बोलायचं नसतं.

मी मास्तरांना बोलावून आणलं. ते कॅमेऱ्याच्या तिकाटण्याखाली उकिडवे बसले, बाईंच्या पायांकडे बघितलं आणि सुरुवात केली. वही नाही, काही नाही. "माझा जन्म नदीकाठच्या गावात झाला." बाई गरजल्या, "माझा जन्म नदीकाठच्या गावात झाला!" तेच हातवारे, तोच सूर. बाईंचं आख्खं आयुष्य मास्तरांना पाठ होतं, तारखा सोडून. तेही नाटकाच्या भाषेत, कारण बाईंना खालून शब्द यायचे ते त्याच भाषेत. चार दिवस असं चाललं. मी दारात उभी राहून रडले, लपवत नाही.

चौथ्या दिवशी आवाजवाल्या माणसानं मास्तरांच्या कानाला सहज हेडफोन लावला. त्यांचीच कुजबुज, लख्ख, शब्द न् शब्द.

"हे आयकू येते?" त्यांनी विचारलं.

"एकदम क्लिअर, काका."

मास्तर उभे राहिले. डायरेक्टरपुढे हात जोडले. "साहेब, माया आवाज काढून टाका जी. बाई विसरली हे लोकायले कळू नोका देऊ. तिनं चाळीस वर्षं या मुलखावर राज्य केलं. तिचं नाटक पाडू नोका."

डायरेक्टर म्हणाला, "अहो काका, टेन्शन घेऊ नका. हल्ली सगळं काढता येतं." मास्तरांचा विश्वास बसला नाही. ते माझ्याकडे वळले, म्हणजे माझ्या पायांकडे. "तू सांग. तू पाह्यशील ना?"

मी म्हणाले, "मी हाये ना, मास्तर."

हे माझे शब्द. कोणी खालून दिलेले नव्हते.

नंतर त्यानं काय काय केलं! बाईंच्या घरी गॅस आहे, तरी परसात चूल पेटवून तिला फुंकायला लावली. मला विचारतो, "ताई, इकडे नाटकाला नक्षलवादी येतात का?" मी म्हटलं, "येत असतील, तिकिटावर लिहून नसते." ड्रोन उडवायला थेट भामरागडला गेला, तिथला संगम छान दिसतो म्हणून. बाई जन्मात एकदा भामरागडला गेल्या होत्या, पावसात अडकल्या आणि तीन दिवस शाळेत झोपल्या. तेवढाच संबंध. मी हे सगळं चालू दिलं. काऊन? फिल्म होणार होती ना! आमच्या बाईंची फिल्म!

झाली. म्हणाला, पहिला शो तुमच्याच गावात. दुपारी मंगल कार्यालयात खिडक्यांना ताडपत्र्या लावून अंधार केला. सातशे-आठशे माणूस असेल. जुने नट, वाजवणारे, पडदे ओढणारे, सगळे धुतलेले कपडे घालून आले होते. बाई पहिल्या रांगेत सोफ्यावर, जरीच्या पातळात. मास्तर भिंतीशी, खाली.

पडद्यावर बाई दिसल्या. टाळ्या. आणि मग स्पीकरमधून, माणसाएवढ्या उंच त्या डबड्यांतून, आवाज आला, "माझा जन्म... नदीकाठच्या गावात..."

मास्तरांचा. वाढवलेला. मुद्दाम वाढवलेला! खाली अक्षरं सुद्धा लिहिली होती. आणि त्याच्या मागून बाई. लोक आधी हसले. कोणीतरी म्हणालं, "अवं माय, प्रॉम्टिंग आयकू येऊन राह्यलं." मग हसणं थांबलं, कारण आता लोकांना कळायला लागलं होतं. बाईला स्वतःच्या आईचं नाव खालून द्यावं लागतंय. माझ्या मागं बसलेली एक म्हातारी 'च्च च्च' करायला लागली. बाईला कधी कोणी 'च्च च्च' केलं नव्हतं. शिट्ट्या मारल्या होत्या, दृष्ट काढली होती, पण कीव नाही.

मी मास्तरांकडे बघितलं नाही. हिंमत झाली नाही.

आणि तेवढ्यात सोफ्यावरून बाई उठल्या. उठणारच. त्यांना खालून शब्द आला होता. "त्या वर्षी मोठ्या हिरॉईनला ताप भरला," स्पीकर कुजबुजला आणि बाई हॉलमध्ये उभ्या राहून गरजल्या, "त्या वर्षी मोठ्या हिरॉईनला ताप भरला!" पडद्यावरच्या बाईच्या आधी, तिच्यापेक्षा मोठ्यानं. सगळा हॉल पडद्याकडे पाठ करून तिच्याकडे वळला. काय आवाज तो! सोळा वर्षांची मुलगी पहिल्यांदा स्टेजवर कशी आली, समोर माणसांचा समुद्र कसा होता, घसा कसा सुकला. "आणि मी सगळं विसरले!" बाई म्हणाल्या.

आणि तिथंच त्या भैताडानं फिल्म कापली होती. विसरले म्हटल्याबरोबर पडद्यावर भामरागडचा संगम, वरून, आणि बासरी. कुजबुज बंद. त्याला काय माहीत, इकडे एक बाई हात उचलून उभी आहे. बाई थांबल्या. हात तसाच वर. वाट बघत. बासरी वाजते आहे, आठशे माणसं बघताहेत आणि बाईंच्या तोंडावर मी जन्मात न बघितलेली भीती.

पुढची गोष्ट मला माहीत होती. रंगायच्या खोलीत बाईंनी ती मला शंभरदा सांगितली होती. त्या पहिल्या प्रयोगाला खड्ड्यात बसलेला पोरगाही नवीनच होता. त्यानं वाक्य दिलं, भीतीनं हिला ऐकू गेलं नाही, तेव्हा त्यानं हात लांब करून हिच्या पायाचा अंगठा दाबला. हिनं खाली बघितलं आणि वाक्य मिळालं. तेव्हापासून अडलं की अंगठा. पण कॅमेऱ्यापुढे मास्तरांनी तो भाग दिलाच नव्हता. तिथं स्वतः येत होते ना! त्यांनी दिलं होतं एवढंच, "मग मला आठवलं."

मास्तर भिंतीपासून निघाले. वाकून, खालून, बाईंच्या पायाशी जाऊन बसले. अंगठा दाबला. ओठ हलले.

बाईंनी खाली बघितलं. "मास्तर, मोठ्यानं. आयकू नाई येत."

बासरी चालूच होती. मास्तरांनी पुन्हा दिलं. बाई रागावल्या, स्टेजवर रागवायच्या तशाच, "मोठ्यानं द्या ना!"

तो माणूस उभा राहिला. ज्यानं चहा सोडला पण आवाज चढवला नाही, तो माणूस आठशे लोकांपुढे ताठ उभा राहिला आणि फाटक्या, चिरक्या आवाजात ओरडला, "मग मला आठवलं!"

"मग मला आठवलं!" बाई म्हणाल्या. हात जोडले आणि बसल्या.

टाळ्यांनी हॉल फुटला. मास्तर तिथंच उभे होते, कुठे बघावं ते त्यांना कळत नव्हतं. समोर चेहरेच चेहरे होते. आणि डायरेक्टर मोबाइल वर धरून ते सगळं काढत होता. मी गेले आणि त्याचा हात हाणून खाली पाडला. मोबाइलची काच फुटली. तो मला म्हणतो, "ताई, हे किती प्युअर आहे तुम्हाला कळत नाहीये." मागे स्टँडवर दुसरा कॅमेरा चालूच होता. आता फिल्मचा शेवट तोच आहे. कुठल्याशा महोत्सवात लोक उभे राहून रडले म्हणे. रडा. तुमचं काय गेलं?

आता खरं सांगते, कारण अर्ध्या भुवया सोडून काही होत नाही. त्या शोच्या आठ दिवस आधी डायरेक्टरनं मला फिल्म मोबाइलवर पाठवली होती. 'ताई, बघून कळवा.' माझ्या खुर्चीत एक गिऱ्हाईक मेंदी लावून बसलं होतं. मी फिल्म लावली. सुरुवातीलाच 'विशेष आभार' म्हणून माझं नाव आलं, आख्ख्या पडद्यावर माझं एकटीचं. मी ते थांबवून त्या गिऱ्हाइकाला दाखवलं. शेजारच्या किराणावाल्याला दाखवलं. तीनदा मागे घेऊन बघितलं. आणि पुढचं न बघता लिहिलं, 'छान झाली सर', दोन हात जोडलेले. डायरेक्टरला शिव्या द्यायला मला तोंड आहे, पण 'छान' मी लिहिलं होतं.

मास्तर त्यानंतर कोणाशी बोलत नाहीत. बाईंशी बोलतात. सकाळी जातात, पायाशी बसतात. "घास घ्या," नाकातून. "पाणी प्या," नाकातून. मग सरळ सुरात जुनं एखादं नाटक, आणि बाई बसल्या जागी गरजतात. शेजारपाजारचे ऐकतात. वाक्य बाईंचंच ऐकू येतं, पुन्हा पहिल्यासारखं.

मी माफी मागायला गेले होते, दिवाळीनंतर. कोणाला सांगितलं नाही अजून. चिवड्याचा डबा घेतला होता, मूर्खासारखा. चपला बाहेर काढल्या आणि उंबऱ्यात उभी राहिले. मास्तर बाईंच्या पायाशी बसले होते, माझ्याकडे पाठ अर्धी. त्यांची मान वळली. माझे पाय बघितले. ती भेगेची टाच बघितली. मान वर केली नाही.

"मास्तर," मी म्हणाले, "मायं चुकलं."

त्यांनी हात लांब केला, बाईंचा अंगठा दाबला आणि ओठ हलवले. दोन हातांवर उभी असून मला काही ऐकू आलं नाही.

बाईंनी माझ्या डोळ्यात बघितलं, पदर सावरला आणि भरल्या, खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आज घरात कोणी नाही. आल्या वाटेनं परत जा."